नाही म्हणा, पण रांगेतून बाजूला व्हा

कळव्यापासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही बॉक्सिंग क्लासमध्ये संध्याकाळी डोकावा. हाताला बँडेज गुंडाळता गुंडाळता पोरं मोबाइलवर हेवीवेटच्या क्लिपा बघत असतात. अमक्याने तमक्याशी लढायला नकार दिला अशी बातमी आली, की निकाल तिथल्या तिथे लागतो : टरकला. मग त्या बॉक्सरच्या पोटावरून दोन विनोद होतात आणि पुढची क्लिप सुरू होते.

मला हा निकाल मान्य नाही. ज्या माणसाने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून तोंडावर ठोसे खाल्ले, तो तिशीत एका नावाला घाबरून घरी बसला, हे पटायला जड जातं. तो हिशेब करतो. हिशेबाचं उत्तर ‘नाही’ येतं, कारण गणित मांडणाऱ्यांनी ते तसंच मांडलेलं असतं. शिव्या मात्र उत्तर काढणाऱ्याला बसतात, गणित मांडणारे नामानिराळे राहतात.

फिलिप हर्गोविचचं उदाहरण घेऊ. क्रोएशियाचा हा बॉक्सर 2016 च्या रिओ ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, व्यावसायिक झाल्यावर तोवर एकदाही न हरलेला. 2021-22 मध्ये जगज्जेतेपदाचा पट्टा देणाऱ्या आयबीएफ या संस्थेला त्याच्यासाठी एलिमिनेटर, म्हणजे आव्हानवीर ठरवणारी लढत, लावायची होती. जिंकणारा जगज्जेत्याचा अधिकृत आव्हानवीर होणार, म्हणजे कागदावर तरी सोन्यासारखी संधी. यादीतल्या एकेकाला विचारणा होत गेली आणि एकेक नाव गळत गेलं. कोणाला दुसरीकडे बरी रक्कम मिळत होती, कोणाच्या प्रमोटरचे बेत वेगळे होते. शेवटी हो म्हणाला तो चीनचा झांग झिलेई. वय 39, अंगाने आडदांड, त्यात डावखुरा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधलं रौप्य त्याच्या नावावर होतं. त्याच स्पर्धेत आपल्या विजेंदरने मधल्या वजनात कांस्य आणलं होतं, म्हणजे किती जुनी गोष्ट बघा.

लढत 20 ऑगस्ट 2022 ला जेद्दामध्ये झाली. त्याच रात्री तिथे जगज्जेता उसिक आणि माजी जगज्जेता जोशुआ दुसऱ्यांदा भिडले. पहिल्याच फेरीत झांगने हर्गोविचला खाली बसवलं. पुढे हर्गोविचने स्वतःला सावरलं आणि तिन्ही पंचांच्या कागदावर थोडक्यात जिंकला : दोघांनी 115-112 दिले, एकाने 114-113. निकालावर बरीच कुरकुर झाली, ती सोडून देऊ. त्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

जिंकलेल्या हर्गोविचला जगज्जेतेपदाची लढत मिळायला हवी होती. मिळाली का? जवळजवळ दोन वर्षं तो रांगेत उभा राहिला. 1 जून 2024 ला रियाधमध्ये त्याच्यासमोर डॅनियल दुब्वा आला, तोही हंगामी, म्हणजे खरा विजेता दुसराच असताना दिलेल्या तात्पुरत्या पट्ट्यासाठी, आणि आठव्या फेरीत हर्गोविचची लढत थांबवली गेली. त्याच महिन्यात उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला, दुब्वा पूर्ण विजेता झाला आणि सप्टेंबरमध्ये वेम्बलीला त्याने जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. हर्गोविचच्या त्या दोन वर्षांचं फळ तिसऱ्याच्याच पदरात पडलं. उलट हरलेल्या झांगचं बघा. ऐन वेळी हो म्हणणारा आणि पडतानाही समोरच्याला फेस आणणारा, म्हणून त्याचं नाव झालं. एप्रिल 2023 मध्ये त्याने लंडनला जो जॉइसला सहाव्या फेरीत थांबवलं, सप्टेंबरमध्ये पुन्हा, या वेळी तिसऱ्या फेरीत. एलिमिनेटर जिंकणारा थांबून राहिला आणि हरणारा पुढे गेला. ज्या परीक्षेत असा निकाल लागतो, तिला बसायला पोरं का का-कू करतात हे विचारायची गरज नाही.

आता यंत्रणा थोडक्यात, कारण घोडं पेंड खातं ते इथेच. जगज्जेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या मोठ्या संस्था चार : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची क्रमवारी वेगळी. विजेत्याने ठरावीक काळात आपल्या संस्थेच्या अधिकृत आव्हानवीराशी, म्हणजे मँडेटरीशी लढायचं, हा नियम. तो आव्हानवीर कोण, हे ठरवण्यासाठी एलिमिनेटर. आयबीएफची रीत यात सगळ्यात कडक : पहिल्या दोन जागा अशाच कोणाला देत नाहीत, त्या लढून मिळवाव्या लागतात, म्हणून त्यांच्या यादीत वरच्या दोन ओळी अनेकदा रिकाम्याच दिसतात. दोन्ही बाजूंचं पैशांवर जमलं नाही, तर पर्स बिड. प्रमोटर आकडे देतात, मोठा आकडा देणारा लढत घेऊन जातो आणि ती रक्कम ठरलेल्या प्रमाणात दोन बॉक्सरमध्ये विभागली जाते. जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉक्सरच्या मानधनातून काही टक्के संस्थेला जातात.

या साखळीत कोण काय पणाला लावतं ते मोजा. बॉक्सर डोकं पणाला लावतो, अक्षरशः. प्रमोटर पैसे लावतो. संस्था पत्र पाठवते.

यादीत सहाव्या नंबरवर असलेल्या माणसाच्या जागी बसून बघू. वय चौतीस-पस्तीस, आणखी तीन-चार मोठ्या लढती अंगात शिल्लक आहेत. प्रमोटरने त्याच्यासाठी त्याच्याच शहरात, एका उतरणीला लागलेल्या नामवंताशी तारीख ठरवली आहे; तिकिटं खपतील, रक्कम चांगली आहे, हरायची शक्यता थोडी. तेवढ्यात पत्र येतं : अमुक एक अपराजित, लोकांना फारसा ठाऊक नसलेला, जबरदस्त ठोशाचा बॉक्सर तुमच्यासमोर, एलिमिनेटर. त्याचं नाव तिकिटं खपवत नाही, म्हणून रक्कमही बेताचीच. जिंकलात तर थांबायचा हक्क. हरलात तर यादीत खाली, आणि हेवीवेटमध्ये हरणं म्हणजे बहुतेकदा कॅमेऱ्यासमोर पाठीवर पडणं. ती क्लिप मग जन्मभर मागे लागते. असलं हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? तुम्ही-आम्ही नोकरीत याहून कितीतरी लहान जोखमीला नाही म्हणतो आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणतो.

किंमत जमली की माणूस हो म्हणतो, हेही नवं नाही. 1908 मध्ये हेवीवेट विजेता टॉमी बर्न्स जॅक जॉन्सनला टाळत होता आणि जॉन्सन त्याच्या पाठोपाठ खंड ओलांडत होता. ऑस्ट्रेलियात एका प्रमोटरने बर्न्सच्या हातावर 30,000 डॉलर ठेवायची तयारी दाखवली, तेव्हा 26 डिसेंबरला सिडनीत लढत झाली आणि बर्न्सचा पट्टा गेला. काळ्या आव्हानवीराला टाळण्यामागे वर्णद्वेष होताच, तो कोणी नाकारू नये. 1920 च्या दशकात हॅरी विल्स वर्षानुवर्षं पहिला आव्हानवीर मानला गेला आणि विजेता जॅक डेम्प्सीशी त्याची लढत कधी झालीच नाही, तिथे नुसत्या पैशाने काम भागलं नाही. म्हणूनच विजेत्याच्या मर्जीबाहेरची रांग हवी, हे तत्त्व मला मोलाचं वाटतं. माझं भांडण रांगेशी नाही. ती सांभाळणाऱ्यांशी आहे.

कारण रांग असूनही गाडी सुटते. लेनॉक्स लुईसने 31 ऑक्टोबर 1992 ला लंडनमध्ये रेझर रडॉकला दुसऱ्या फेरीत झोपवलं; तो डब्ल्यूबीसीचा एलिमिनेटर होता. दोन आठवड्यांनी रिडिक बोवने तेव्हाचा विजेता होलिफिल्डला हरवून सगळे पट्टे घेतले. आता बोव विरुद्ध लुईस व्हायलाच हवी होती, कारण नियम तसा होता. शिवाय 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसने याच बोवला हरवलेलं. डिसेंबरमध्ये बोव लंडनला आला, पत्रकारांसमोर त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि निघून गेला. लुईसला न लढता विजेता घोषित करण्यात आलं. व्यावसायिक रिंगणात ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. बोवला लोक अजून भित्रा म्हणतात. मला त्या डब्यातला पट्टा बघून वेगळाच प्रश्न पडतो : उरलेले दोन पट्टे हातात ठेवून तिसरा इतक्या सहज फेकता येतो, तर त्या तिसऱ्याची त्याच्या लेखी किंमत ती किती? लुईसशी न लढण्याचा खर्च एक पट्टा, एवढाच होता. बोवच्या माणसांनी हिशेब केला आणि त्यांना तो परवडला.

केन नॉर्टनचीही गत अशीच. नोव्हेंबर 1977 मध्ये त्याने जिमी यंगला हरवून आव्हानवीरपद मिळवलं. नवा विजेता लिऑन स्पिंक्स त्याच्याऐवजी अलीशी दुसऱ्यांदा लढायला निघाला म्हणून डब्ल्यूबीसीने स्पिंक्सचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. जून 1978 मध्ये लॅरी होम्सने तो पंधरा फेऱ्यांनंतर घेतला. नॉर्टन जगज्जेता होता, पण जगज्जेतेपदाची एकही लढत तो कधी जिंकला नाही.

कडक नियमाचे टीकाकार आणखी एक दाखला देतात. नोव्हेंबर 2015 मध्ये टायसन फ्युरीने जगज्जेता क्लिच्कोला हरवलं. करारात परतीची लढत ठरलेली होती, आयबीएफचा मँडेटरी ग्लाझकोव होता. फ्युरी क्लिच्कोकडे वळला म्हणून आयबीएफने दोन आठवड्यांच्या आत पट्टा काढला. जानेवारी 2016 मध्ये रिकाम्या पट्ट्यासाठी चार्ल्स मार्टिन आणि ग्लाझकोव लढले, तिसऱ्या फेरीत ग्लाझकोवचा गुडघा गेला आणि मार्टिन जगज्जेता झाला. एप्रिलमध्ये जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत उरकलं. बघा, म्हणतात, नियम पाळला की असं हसं होतं. मी म्हणतो, हसं नियमामुळे झालं नाही. ज्या लढतीला तुम्ही मान्यता देता, तिच्या करारात तुमच्याच पुढच्या आदेशाला छेद देणारं परतीचं कलम आहे, हे तुम्हाला आधी दिसत नाही का? मान्यता देताना डोळे मिटायचे, मग दोन आठवड्यांनी शिस्त आठवायची, याला कडकपणा कसला म्हणायचा.

आता जरा इकडे या. ही सगळी कोट्यवधींची गोष्ट झाली, आपल्याकडे रुपयाही नसतो, पण गाठ तीच बसलेली असते.

ठाणे-नवी मुंबईच्या कुठल्याही स्थानिक स्पर्धेत सकाळी वजनाच्या वेळी हॉलमध्ये उभं राहा. बनियन-चड्डीतली पोरं, काहींच्या अंगावर अजून घाम गाळायचं प्लॅस्टिकचं जॅकेट, काटा एका खुर्चीशेजारी, आणि टेबलावर कार्बन लावून लिहिलेल्या याद्या. पन्नास-पंचावन्न किलोच्या गटात नावं मावत नाहीत. पोरं अर्ध्या किलोसाठी जिने चढून-उतरून येतात, थुंकतात, पुन्हा काट्यावर उभी राहतात. पानं उलटत शेवटी या, नव्वद किलोच्या वरचा गट : दोन नावं, कधी तीन, कधी एकच. घणसोलीचा एक आगरी पोरगा मला आठवतो, खांदे दरवाजात न मावणारे, ठाणे-वाशी लोकलने सरावाला यायचा. त्याचे सर आदल्या आठवड्यात फोन करत बसलेले असायचे, डोंबिवलीला, भिवंडीला, पनवेलला : “सर, नव्वदच्या वर आहे का हो कोणी तुमच्याकडे? आमचा एकटाच आहे.” पलीकडून ठरलेली उत्तरं यायची. परीक्षा आहे. ताप आहे. आई नको म्हणते. सरावात त्याच्यासमोर सत्तर-पंचाहत्तर किलोची दोन पोरं आलटून-पालटून उभी करायचे, एका फेरीला एक. तो हात राखून मारायचा आणि त्याची तीच सवय झाली.

मग स्पर्धेचा दिवस. हा पूर्ण तयारीत रिंगमध्ये चढतो, हातात ग्लोव्ह्ज, तोंडात गमशील्ड. समोरच्या कोपऱ्याचं नाव पुकारतात. घंटा वाजते. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त एक मिनिट वाट बघायची असते. त्या मिनिटात पंच मध्ये उभे, हा आपल्या कोपऱ्यात गुडघे हलवत, प्रेक्षकांतले कोणीतरी शिट्टी मारणारे. मिनिट संपलं की पंच त्याचा हात वर करतात, वॉकओव्हर. सुवर्णपदक. अशा एका पदकानंतर त्याचे काका माझ्याशेजारी म्हणाले होते, “पोराला एक ठोसा मारायला मिळाला नाय अन् फोटो पेपरात यायचा.” त्या एका वाक्यात जगाच्या हेवीवेटची अडचण आली आहे. फक्त तिकडे त्या मिनिटाची दोन वर्षं होतात.

न आलेल्या पोराला कोणी टरकला म्हणू नये. परीक्षा खरीच असते. आणि खोटी असली, तरी नव्वद किलोचं अंग समोरून येत असताना नको म्हणायचा त्याला अधिकार आहे. या अधिकाराला हात लावायच्या मी विरोधात आहे, वरपासून खालपर्यंत. 2 नोव्हेंबर 2013 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव हा रशियन हेवीवेट माइक पेरेझशी दहा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. नंतर तो टॅक्सीने हॉस्पिटलला गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण तो कायमचा अपंग झाला. 2017 मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला 2 कोटी 20 लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. जो कोणी क्लिप बघून बॉक्सरला भित्रा ठरवतो, त्याने त्या टॅक्सीचा विचार करावा. ज्या खेळात ‘हो’ची किंमत ही असू शकते, तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्याला सक्तीने रिंगमध्ये ढकलणं हा गुन्हा ठरेल.

पण नाही म्हणण्याचा हक्क वेगळा आणि नाही म्हणून जागा धरून ठेवण्याचा हक्क वेगळा. आज दुसरा हक्कही फुकट मिळतो. सहाव्या नंबरचा माणूस एलिमिनेटर नाकारतो, महिनाभरात एका उतरलेल्या बॉक्सरला हरवतो आणि यादीत पाचवा होतो. नाकारल्याचा काहीही डाग नाही, झाला तर फायदाच. हो म्हणणारा झांग थोडक्यात हरला म्हणून वाचला; वाईट हरला असता, तर मात्र संपला असता. धोका पत्करणाऱ्याला शिक्षा आणि टाळणाऱ्याला बढती, हा उलटा न्याय सुलटा करायचा तर सुरुवात इथून व्हावी : ठोस वैद्यकीय कारण नसताना एलिमिनेटर नाकारला, तर वर्षभर त्या संस्थेच्या पहिल्या पंधरात नाव नको. लढा ना, हवं त्याच्याशी लढा, हवे तेवढे पैसे कमवा. फक्त रांगेतून बाजूला व्हा, मागच्याला पुढे येऊ द्या.

एवढ्याने भागणार नाही. रांगेत उभं राहून काही मिळतच नसेल, तर बाहेर काढण्याच्या धमकीला कोण भीक घालणार? ब्रिटनचा डिलियन व्हाइट डब्ल्यूबीसीच्या यादीत वर्षानुवर्षं वर बसून होता. मध्ये 2020 मध्ये पोव्हेटकिनने त्याला पाडलं, 2021 मध्ये त्याने जिब्राल्टरला परतफेड केली, आणि फ्युरीशी त्याची लढत लागली ती एप्रिल 2022 मध्ये. पर्स बिडमध्ये 4 कोटी 10 लाख डॉलरच्या वर बोली गेली; वाटणी 80-20, मोठा वाटा अर्थातच विजेत्याचा. वीस टक्के असले तरी व्हाइटचं आयुष्य बदलणारी रक्कम होती ती. पण त्यासाठी त्याची उमेदीची वर्षं गेली. तेव्हा दुसरी अट संस्थेवर : एलिमिनेटर जिंकणाऱ्याला नऊ महिन्यांत विजेत्याशी लढत, नाहीतर विजेत्याचा पट्टा रिकामा. हंगामी पट्टे, वेगवेगळ्या संस्थांचे पट्टे एकत्र करणाऱ्या लढतींसाठीच्या सवलती, परतीची कलमं, काही चालणार नाही. विजेत्याला तिसरीकडे जास्त पैसे मिळतात? जाऊ दे. पट्टा खाली ठेवून जाऊ दे, हवं तर कचऱ्याच्या डब्यात ठेवून.

आणि तिसरी अट पैशांची. संस्था जगज्जेतेपदाच्या लढतींवर टक्केवारी घेतात, तर त्यातला ठरावीक हिस्सा एलिमिनेटरमध्ये हरणाऱ्याच्या खात्यात जावा. जिंकणाऱ्याला संधी मिळते. हरणाऱ्याने ती संधी खरी ठरवलेली असते, त्याच्याशिवाय एलिमिनेटर म्हणजे कागदच. आपल्या जत्रेतल्या कुस्तीला हे कधीचं कळलंय. तगडा पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो, जोड मिळत नाही, तेव्हा पंचकमिटी पैलवानांना शिव्या देत नाही, इनाम वाढवते. लाउडस्पीकरवरून आकडा चढतो, गर्दीतून कोणी आणखी पाचशे लावतो, आणि आकडा कुठेतरी थांबतो तिथे एकजण सदरा काढून उभा राहतो.

यावर म्हणतील, मग आता सगळं सुरळीतच आहे की, सौदीने इनाम वाढवलंय. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावाही तोच आहे. 2023 च्या अखेरीपासून सौदीचे मनोरंजन खाते सांभाळणारे तुर्की अलालशेख यांच्या पैशावर रियाधमध्ये लढती होऊ लागल्या आणि ‘याच्याशी कोणी लढायला तयार नाही’ ही तक्रार बघता बघता विरली. न्यूझीलंडच्या पार्करने अमेरिकेच्या वाइल्डरला हरवलं, मग झांगला. झांगने वाइल्डरला पाडलं, दुब्वाने हर्गोविचला. सगळं सहा महिन्यांत. इकडे पहाटे तीन-साडेतीनला डोळे ताणून आपण ते बघितलं. याच माणसांना तुम्ही दोन वर्षांपूर्वी भित्रे म्हणत होतात. त्यांच्या छातीत नवं काळीज बसवलं नव्हतं, खात्यात रक्कम बसवली होती.

पण एकाच्या थैलीवर चालणारा खेळ त्या थैलीच्या लहरीवर चालतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं, पैलवानांना राजाश्रय दिला. त्यामागे दृष्टी होती, तालमी होत्या, पुढची पिढी होती. रियाधच्या पैशामागे दिवे आणि तारखा आहेत, आणि तारीख चुकवायची नसते. फेब्रुवारी 2025 मध्ये दुब्वा आजारी पडला, पार्करसमोर दोन दिवसांत कोणीतरी हवं होतं. मार्टिन बाकोलेला काँगोहून आणलं. तो लढतीच्या दिवशीच रियाधला उतरला, वजन तीनशे पौंडांच्या वर, आणि दुसऱ्या फेरीत संपला. प्रतिस्पर्धी मिळाला खरा. पण तयारी नसलेला, विमानातून थेट रिंगमध्ये उतरवलेला माणूस हे उत्तर असेल, तर अब्दुसलामोवची टॅक्सी पुन्हा यायला वेळ लागणार नाही. ऐन वेळच्या अशा बदली बॉक्सरला मोठ्या लढतीत परवानगीच नको, मग दिवे विझले तरी चालतील.

त्याच पार्करची पुढची गोष्ट ऐकली की ‘हो’ म्हणणाऱ्यांची दया येते. डब्ल्यूबीओचा हंगामी पट्टा त्याच्याकडे, उसिकची वाट बघत बसला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. तो थांबला नाही. 25 ऑक्टोबर 2025 ला लंडनमध्ये फॅबियो वॉर्डलीशी लढला, बराच काळ बरं चाललं होतं, अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पुढच्याच महिन्यात उसिकने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला आणि वॉर्डली जगज्जेता झाला. पार्करच्या हातून तेलही गेलं, तूपही गेलं. पुढच्या वेळी यादीतला कोणी सल्लागाराला विचारेल, लढू का? सल्लागार पार्करचं नाव घेईल आणि विषय संपेल.

आपल्या जिल्ह्यांपुरतं बोलायचं, तर इथल्या पोरांना यादीतून काढायच्या गोष्टी कोणी करू नयेत. ती शिकणारी पोरं आहेत आणि न आलेला पोरगा कोणाची जागा अडवत नाही. इथे प्रश्न संख्येचा आहे. भारतातून ऑलिंपिकला गेलेला पहिला सुपर हेवीवेट सतीश कुमार, तोही टोकियोला. म्हणजे दुष्काळ देशभराचा आहे. एकट्या ठाण्यात नव्वदच्या वरची पाच पोरं मिळत नाहीत यात नवल काय? मग प्रत्येक जिल्ह्याने आपापली दोन नावं घेऊन वॉकओव्हरचं सोनं वाटण्याऐवजी ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबईचे जड गट एकत्र लढवावेत. एकाच हॉलमध्ये, एकाच दिवशी. वॉकओव्हरच्या प्रमाणपत्रावर ‘न लढता’ असं स्पष्ट लिहावं. पालघरच्या पोराला ठाण्यापर्यंत यायचं, एक वेळचं जेवण आणि परतीचं भाडं आयोजकांनी द्यावं, हरला तरी. पैसे कुठून आणायचे, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. व्यासपीठावर तेव्हा पाहुण्यांसाठी शाली, श्रीफळं आणि पितळी ट्रॉफ्यांची एक लांब रांग मांडून ठेवलेली होती. त्यातल्या दोन ट्रॉफ्या कमी केल्या तर पालघर-ठाण्याची तिकिटं आरामात निघतात.